‘कोलगेट द्या, कुठलंही चालेल!’

साबण म्हणायचं सोडून आपण साबणाचं नाव घ्यायला लागलो त्याला कितीतरी वर्षं झाली. पण त्या नावासाठी आपण नेमके किती पैसे मोजतो, आणि का मोजतो? महिन्याच्या किराण्याच्या यादीपासून सुरू झालेली ही शोधमोहीम शेवटी बाबांच्या औषधांच्या डब्यापाशी येऊन थांबली...

परवा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उभी होते. माझ्या पुढे साठी ओलांडलेले एक काका. ‘‘शेठ, एक कोलगेट द्या.’’

शेठनी विचारलं, ‘‘कुठलं देऊ?’’

‘‘कुठलंही चालेल हो, त्यात काय एवढं!’’

शेठनी फळीवरून भलत्याच कंपनीची टूथपेस्ट काढून दिली. काकांनी ती पिशवीत टाकली, सुटे पैसे मोजून दिले आणि समाधानाने चालते झाले. ना शेठला काही खटकलं, ना काकांना.

मला जाम हसू आलं. पण ते फार टिकलं नाही. कारण पुढचा नंबर माझा होता आणि मी मोबाइलवर टाइप केलेली यादी वाचायला घेतली. टाटा, सर्फ, मॅगी, डेटॉल, हार्पिक, अमूल... बावीस वस्तूंच्या यादीत साधी मराठी नावं दोनच होती, कांदे आणि कोथिंबीर! बाकीचं सगळं विशेषनामांत. आता सांगा, काकांना हसायचा मला काय अधिकार?

घरी येऊन रूममेटला हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, ‘‘त्यात काय? आपल्याला काय हवंय ते आपल्याला माहितीये, म्हणून नाव घेतो.’’ बरोबर. पण खरंच माहितीये का? की फक्त नावच माहितीये?

नामाचा महिमा

जरा आठवून बघा. तुमच्या आजीसाठी वनस्पती तूप म्हणजे डालडाच. १९३७ साली बाजारात आलेलं हे नाव इतकं रुळलं की पिवळ्या डब्यात पुढे तुळस लावली तरी त्या कुंडीला सगळे ‘डालड्याचा डबा’च म्हणायचे. लोखंडी कपाट कुठल्याही कंपनीचं असो, घरात ते ‘गोदरेजचं कपाट’. चॉकलेट म्हणजे कॅडबरी, पाण्याची बाटली म्हणजे बिसलेरी, डिंक म्हणजे फेविकॉल आणि फोटोकॉपी म्हणजे झेरॉक्स. बाटा तर आपल्याला इतकं घरचं वाटतं की हे नाव झेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन गावातून आलंय, १८९४ साली तिथल्या भावंडांनी सुरू केलेल्या कारखान्याचं आहे, हे सांगितलं की लोक ‘चल, काहीतरीच!’ म्हणतात.

पण मग हे खूळ आलं कुठून? मला वाटायचं, जाहिरातींमुळे. आईने माझा हा गैरसमज एका वाक्यात दूर केला. ‘‘अगं, पूर्वी तांदूळ निवडायला अख्खी दुपार जायची. ती दुपार तुला माहीत नाही, म्हणून तुला पाकीट म्हणजे नुसती फॅशन वाटते.’’

आईचं म्हणणं खरं आहे. मिठाचंच घ्या. आज आपण ज्याला ‘साधं मीठ’ म्हणतो ते पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ देशभर ब्रँडच्या नावाने मिळायला लागलं ते १९८३ मध्ये टाटा सॉल्ट आल्यावर. त्याआधी पोत्यातलं खडे मीठ, तेही ओलसर, आणि त्यात माती किती हे दुकानदाराच्या नियतीवर. डाळीत खडे, मसाल्यात भेसळ, मापात पाप. अशा बाजारात पाकिटावरचं नाव म्हणजे एक वचन होतं. मागच्या महिन्यात जसा माल मिळाला तसाच या महिन्यातही मिळेल, आणि नाही मिळाला तर भांडायला एक पत्ता असेल. ब्रँडचं मूळ काम हेच. बाकीची चमकधमक नंतरची.

ललिताजींचं बरोबर होतं का?

या देशातली ब्रँडची सगळ्यात गाजलेली लढाई झाली ती कपड्यांच्या बादलीत. सर्फ भारतात आला १९५९ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरीच पावडर बनवायला सुरुवात केली आणि सायकलवरून दारोदार विकली. आपल्या मुलीच्या नावावरून त्यांनी तिचं नाव ठेवलं, निरमा. किंमत तीन-साडेतीन रुपये किलो. सर्फ साधारण त्याच्या चौपट! बघता बघता मध्यमवर्गीय घरांतून सर्फ हद्दपार व्हायला लागला.

मग आल्या ललिताजी. निळ्या काठाची पांढरी साडी, ठसठशीत कुंकू आणि भाजीवाल्याशी घासाघीस करणारी चोख गृहिणी. अ‍ॅलेक पदमसी यांच्या टीमने घडवलेली आणि कविता चौधरी यांनी साकारलेली ही व्यक्तिरेखा ऐंशीच्या दशकात घराघरांत पोचली. तिचा मुद्दा एवढाच होता की स्वस्त वस्तू घेणं वेगळं आणि चांगली वस्तू घेणं वेगळं. माझ्या आईच्या पिढीला हे इतकं पटलं की आजही घरात एखादी स्वस्तातली वस्तू बिघडली की कुणीतरी ललिताजींचं नाव काढतंच.

गंमत म्हणजे सर्फच्याच कंपनीला पुढे निरमाशी टक्कर द्यायला ‘व्हील’ नावाची स्वस्त पावडर काढावी लागली. म्हणजे एका हाताने ‘स्वस्तावर जाऊ नका’ सांगायचं आणि दुसऱ्या हाताने स्वस्त माल विकायचा! यातून मला कळलं ते असं की स्वस्त ब्रँड हाही शेवटी ब्रँडच असतो. निरमा घेणाऱ्या बाईने नावाच्या मोहातून सुटका करून घेतली नव्हती, तिने फक्त दुसरं नाव निवडलं होतं.

बिननावाच्या डाळीची लाज

आमच्या घरी मात्र एक तिसराच प्रकार होता. ग्राहक पंचायत! १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची आई जुनी सभासद. शेजारपाजारच्या घरांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, आणि सगळ्यांचा माल एका घरी उतरला की तिथे जाऊन वाटून घ्यायचा. एकत्र खरेदी, त्यामुळे दर वाजवी आणि मालाची जबाबदारी संस्थेची. जाहिरात नाही, झगमगीत पाकीट नाही, कुठला हिरो नाही.

शाळेत असताना मला याची भयंकर लाज वाटायची. मैत्रिणींच्या घरी ओट्यावर रंगीत पाकिटं असायची आणि आमच्याकडे साध्या पिशव्यांमधली डाळ. एकदा एक मैत्रीण घरी आली तेव्हा मी त्या पिशव्या चक्क पलंगाखाली ढकलल्या होत्या. आईने पाहिलं, पण काही बोलली नाही.

पहिल्या पगारात मी काय घेतलं असेल? ठळक लोगोवाले बूट. आतून किती मऊ आहेत, शिवण कशी आहे, काही बघितलं नाही. लोगो बाहेरून दिसतोय ना, मग झालं! तुमच्यातल्या किती जणांनी हेच केलंय, हात वर करा. ऑफिसात पहिल्या दिवशी मनगटावरचं घड्याळ, टेबलावर ठेवलेला फोन, खांद्यावरची बॅग या सगळ्यांनी आपल्याआधी आपली ओळख करून दिलेली असते. हे आपल्याला पक्कं माहीत असतं, म्हणून तर आपण ते घेतो. इथे ब्रँड बघणाऱ्यांसाठी असतो, मान्य. पण सिंकखाली ठेवलेल्या फिनाइलचा ब्रँड कोण बघायला येतंय? तिथेही आपण नावच का शोधतो?

रविवारचा प्रयोग

याचा छडा लावायचा म्हणून एका रविवारी मी सहा मित्रमैत्रिणींना चहाला बोलावलं. दोघं आयटीतले, एक बँकेत, एक आर्किटेक्ट, एक एचआरमध्ये आणि सहावी माझी रूममेट. सगळे स्वतःला चोखंदळ समजणारे. स्टीलच्या वाट्या मांडल्या आणि प्रत्येक वाटीच्या बुडाला चिठ्ठी चिकटवली. तीन प्रकारचे ग्लुकोज बिस्किटं, तीन प्रकारचा टोमॅटो सॉस, दोन प्रकारचा चहा. प्रत्येकात एक नामांकित, आणि एक सुपरमार्केटचा स्वतःचा किंवा सुटा माल. काम सोपं होतं, आपला नेहमीचा ब्रँड ओळखायचा.

चहात मंडळी पास झाली. सहापैकी चौघांनी आमच्या घरचा नेहमीचा चहा अचूक ओळखला. बिस्किटांत तिघं बरोबर. सॉसमध्ये मात्र सगळ्यांची दांडी उडाली. फक्त एकाला ओळखता आला, आणि तोही म्हणाला, ‘‘अंदाजपंचे सांगितलं यार!’’

खरी मजा पुढे आहे. चहानंतर मी आतून एकच सॉस दोन वाट्यांत घालून आणला. सगळ्यात स्वस्त होता तो. एका वाटीशेजारी महागड्या ब्रँडची बाटली ठेवली, दुसरीशेजारी काहीच नाही. विचारलं, कुठला जास्त चांगला? पाच जणांनी बाटलीशेजारची वाटी उचलली. ‘‘हा दाट आहे,’’ बँकवाला म्हणाला. ‘‘याला खऱ्या टोमॅटोची चव आहे,’’ आर्किटेक्टबाई म्हणाल्या. एकच सॉस, एकाच बाटलीतला! खरं सांगितल्यावर दोन मिनिटं शांतता पसरली आणि मग मला ज्या शिव्या पडल्या त्या इथे छापता येणार नाहीत.

सहा जणांचा प्रयोग म्हणजे काही संशोधन नव्हे. पण संशोधकांनीही हेच करून पाहिलंय, तेही नीट पद्धतशीरपणे. १९६४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिसन आणि उल यांनी बिअर पिणाऱ्यांना लेबल नसलेल्या बाटल्या दिल्या. आपला आवडता ब्रँड कुठला हे बहुतेकांना ओळखता आलं नाही. लेबल लावल्यावर मात्र प्रत्येकाला आपापल्या ब्रँडची बिअर जास्त चांगली लागली. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या थॉमस रॉबिन्सन यांनी तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच खाणं दोनदा दिलं, एकदा साध्या वेष्टनात आणि एकदा मॅक्डोनाल्ड्सच्या. मुलांना मॅक्डोनाल्ड्सच्या वेष्टनातलं जास्त आवडलं. त्यात गाजरंसुद्धा होती बरं का!

सगळ्यात भन्नाट प्रयोग २००४ चा. ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. लोकांना मेंदूच्या स्कॅनिंग यंत्रात झोपवून कोक आणि पेप्सी पाजण्यात आलं. कुठलं काय हे माहीत नसताना पसंती जवळपास निम्मी-निम्मी विभागली गेली. पण ‘हे कोक आहे’ असं कळल्यावर पसंती कोककडे झुकली आणि मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग जागा झाला. म्हणजे जीभ द्रव चाखत होती आणि मेंदू नाव.

पार्ल्याचा वास

हे वाचलं तेव्हा मला पटकन विलेपार्ले स्टेशन आठवलं. कॉलेजला जाताना बोरिवलीहून लोकल पार्ल्यात शिरली की डब्यात भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास यायचा. डुलक्या काढणाऱ्या बायका त्या वासाने जाग्या व्हायच्या आणि उतरायची तयारी करायच्या. १९२९ साली सुरू झालेला पार्लेचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. माझं कॉलेज तेव्हा चालूच होतं. एके दिवशी वास यायचा थांबला आणि डब्यातल्या एक मावशी म्हणाल्या, ‘‘स्टेशन आल्यासारखंच वाटत नाही गं.’’

आता तुम्हीच सांगा, मी पार्ले-जीचा पुडा उचलते तेव्हा काय विकत घेत असते? मैदा, साखर आणि तेल? की साडेआठची लोकल? दिवाळीच्या पहाटे मोती साबण लागतोच, वर्षभर तो आठवला नाही तरी चालतं, ते कशासाठी? थोडक्यात, ब्रँडवाल्यांनी आपल्याला फक्त फसवलंय असं म्हणणं अर्धवट आहे. आठवणी आपल्याच असतात. त्यावर किंमत चिकटवण्याचं काम तेवढं त्यांनी केलं.

सरकारलाही पडलेला प्रश्न

ब्रँड म्हणजे नक्की काय, या प्रश्नाने सरकारलासुद्धा घाम फोडलाय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा डाळ, तांदूळ, पीठ यांवर कर नव्हता. पण तोच माल नोंदणीकृत ब्रँडच्या नावाने पाकिटात विकला तर पाच टक्के! झालं, काही व्यापाऱ्यांनी चक्क नावावरचा हक्कच सोडायला सुरुवात केली. ज्या नावासाठी इतकी वर्षं जाहिराती केल्या तेच नको झालं. शेवटी १८ जुलै २०२२ पासून नियम बदलला आणि नावाऐवजी पाकीटबंद, लेबल लावलेला माल ही कसोटी आली.

पाकिटावरची बारीक अक्षरंही एकदा वाचून बघा. मी बघितली. ‘निर्माता’ वेगळा आणि ‘विक्रेता’ वेगळा, असं किती पाकिटांवर असतं! माल एका कारखान्यात तयार होतो, नाव दुसऱ्याचं लागतं. सुपरमार्केटचा स्वतःचा म्हणून जो स्वस्त माल मिळतो तोही कुठल्यातरी अशाच कारखान्यातून आलेला असतो. तिथे तुम्ही जाहिरातीचा खर्च भरत नाही, एवढाच काय तो फरक असू शकतो. असू शकतो म्हटलं, कारण दरवेळी असतोच असं नाही.

हेही करून पाहिलं. आमच्या फ्लॅटच्या बावीस वस्तूंपैकी नऊ वस्तू एक महिना बदलल्या. बिल ६४० रुपयांनी उतरलं. पण महिनाअखेरीस तीन वस्तू परत जुन्यावर आल्या. चहा, कारण सकाळी कुणी कुणाशी बोलेना. कपड्यांची पावडर, कारण दुप्पट घालावी लागत होती. आणि कचऱ्याच्या पिशव्या. त्याचं कारण विचारू नका, जिना धुवायला अर्धा तास गेला! उरलेल्या सहा वस्तूंचं मात्र आजतागायत कुणाला काही जाणवलेलं नाही.

तर असा माझा प्रयोग यशस्वी झाला होता. लेखही मनात लिहून तयार होता. शेवट झकास, सल्ला चोख. आणि मग मी बोरिवलीला घरी गेले.

बाबांचा डबा

बाबांना सहा वर्षांपासून ब्लडप्रेशर आहे. गोळ्या दोन, दोन्ही रोजच्या, दोन्ही नामांकित कंपन्यांच्या. बाबांनी एका छोट्या प्रेसमध्ये नोकरी केली. पेन्शन वगैरे काही नाही. ब्रँडवर लिहायचं म्हणून इतकं वाचलंच होतं, तेव्हा औषधांचंही वाचलं होतं. आपल्याकडे नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्यांचं पेटंट कधीच संपलेलं असतं. मूळ औषध तेच, नावं पन्नास. २००८ मध्ये सरकारने जन औषधी योजना सुरू केली, २०२३ अखेर देशभर अशी दहा हजारांवर केंद्रं झाली होती. तिथे हेच औषध मूळ नावाने निम्म्याहून कमी किमतीत मिळतं.

अमेरिकेतला एक अभ्यासही सापडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. डोकेदुखीची गोळी घेताना साधा ग्राहक १०० पैकी २६ वेळा नामांकित ब्रँड घेतो. आणि औषधांचं शिक्षण घेतलेला फार्मासिस्ट स्वतःसाठी घेताना? फक्त ९ वेळा! मीठ-साखर घेताना व्यावसायिक शेफही असेच वागतात. म्हणजे ज्याला आतलं कळतं तो नावाला कमी पैसे मोजतो. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

म्हणून मी बाबांचं प्रिस्क्रिप्शन घेऊन स्टेशनजवळच्या केंद्रात गेले. दोन्ही गोळ्यांची मूळ नावं जुळवली, मिलिग्रॅम जुळवले, एका महिन्याच्या पट्ट्या घेतल्या. बिल इतकं कमी आलं की मी दोनदा विचारलं, ‘‘दोन्हीचं मिळून ना?’’

आणि त्या पट्ट्या चार दिवस माझ्या पर्समध्येच राहिल्या.

देववेनाच बाबांना! पट्टी साधी, छपाई फिकट, नाव अनोळखी. मनात एकच, यात काही कमी-जास्त असलं तर? सॉसच्या वाट्या मांडून मित्रांना हसणारी मी, प्रश्न बाबांचा आला तेव्हा चक्क बाटलीशेजारची वाटी उचलत होते. सगळी आकडेवारी पाठ असूनसुद्धा. त्या चार दिवसांत मला कळलं की ब्रँड आपल्याला जे विकतो त्यात सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे भीतीतून सुटका. आणि जिथे भीती जास्त तिथे किंमतही जास्त.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. ‘‘औषध तेच आहे. पण मनाने सुरू करू नका. बदलल्यावर दोन आठवडे रोज बीपी मोजून वहीत लिहा आणि मला दाखवा. आणि दर महिन्याला नवी कंपनी असं नको. एक धरलं की तेच चालू ठेवा.’’ मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘त्यांचं मागचं रीडिंग मला आवडलं नव्हतं. गोळ्या वेळेवर घेतात ना?’’

घेतात की! मी ठामपणे सांगितलं.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांसमोर पट्ट्या ठेवल्या. मला वाटलं, आता वाद होणार. ‘मला हे सरकारी बिरकारी नको’ असं म्हणणार. त्यांनी पट्टी हातात घेतली, दिव्याखाली धरली. ‘‘रंग वेगळा आहे,’’ म्हणाले. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘केवढ्याला?’’

मी आकडा सांगितला.

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘मग रोज घेता येईल.’’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आईकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं. गेले सात-आठ महिने बाबा गोळ्या एक दिवसाआड घेत होते. कुणाला न सांगता. डब्यात महिनाअखेरीला पट्ट्या उरायच्या, त्या पुढच्या महिन्यात वापरायच्या. नाव चांगलं, कंपनी मोठी, तेव्हा एक दिवसाआडही पुरत असेल, असा त्यांचा हिशेब. आणि मुलीला कशाला सांगायचं, तिचं फ्रीलान्सचं उत्पन्न आज आहे उद्या नाही.

आई उठून आत गेली. येताना तिने माझी जुनी शाळेची वही आणली, कोरी पानं उरलेली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि बाबांना म्हणाली, ‘‘हात पुढे करा.’’

ही गोष्ट आता तीन महिन्यांपूर्वीची. वही भरत आली आहे. गोळी रोज जातेय, आकडे खाली आलेत, डॉक्टर खूश आहेत. कशामुळे हे उघड आहे. नवी गोळी काही जादूची नाही. जुनीही वाईट नव्हती, रोज घेतली असती तर तिनेही हेच केलं असतं. पण ती रोज परवडत नव्हती, आणि हे कबूल करण्यापेक्षा दुसरं नाव घेणं सोपं आहे, असं घरात कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

मग घ्यायचं काय?

‘ब्रँड वाईट, बिनब्रँड चांगलं’ असा सोपा निकाल मला देता येणार नाही. बाइकवर बसताना मी हेल्मेट अजूनही नावाचंच घेईन, आणि रस्त्यावर मिळणारं आयएसआयचा खोटा शिक्का मारलेलं घेणार नाही. नावामागे जबाबदारी असेल तर त्याचे पैसे जरूर मोजावेत. फक्त दरवेळी एक प्रश्न स्वतःला विचारावा. मी आत्ता वस्तूचे पैसे देतेय, खात्रीचे देतेय, आठवणीचे देतेय की चारचौघांत मिरवण्याचे? चारही कारणं चालतील. कुठलं आहे ते माहीत असलं म्हणजे झालं.

चौकट : खरेदीला निघण्यापूर्वी

- यादी लिहिताना ब्रँडऐवजी वस्तूचं नाव लिहा. दुकानात पोचेपर्यंत तरी पर्याय उघडे राहतात.
- पाकिटाची किंमत बघू नका, पाकिटावर छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दर बघा. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत तीच राहते, वजन गुपचूप उतरतं.
- एका महिन्यात एक-दोन वस्तूच बदला. सगळं एकदम बदललंत तर काय बिघडलं ते कळणार नाही, आणि घरात भांडणं होतील ती वेगळीच.
- मीठ, साखर, पोहे, डाळ यांत फरक कमी जाणवतो. चहा, मसाले, डिटर्जंट यांत जास्त. आधी लहान पाकीट घेऊन बघा.
- खाण्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे ना, हे बघा. नाव मोठं असो की छोटं.
- औषध बदलायचं तर डॉक्टरांना विचारूनच. आणि हो, घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांचा डबा अधूनमधून उघडून मोजा. महिनाअखेरीला पट्ट्या उरत असतील तर का उरतात ते प्रेमाने विचारा.

काल पुन्हा शेठकडे गेले होते. या वेळी यादी वस्तूंच्या नावांनी लिहिलेली. डाळ, साखर, पोहे, साबण, सगळं शेठनी काढून दिलं. शेवटी मी मोठ्या रुबाबात म्हटलं, ‘‘आणि एक किलो मीठ.’’

‘‘कुठलं देऊ, ताई?’’

‘‘टाटा!’’

तोंडातून निघून गेलं. शेठ हसले, मीही हसले. काका, माफ करा हं!